पिवळ्या कापसाचा हंगाम

सोमवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ६.५०, अकोला बसस्टँड

हंगाम सुरू. माझा सव्विसावा. नवी वही, नवा संकल्प: यंदा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. देवावरचा १९८९ सालीच गेला, फारसे कष्ट पडले नाहीत. राहिलेल्या गोष्टी एकेक करून काढायच्या. आजची यादी: हवामानाचा अंदाज, टूथपेस्टच्या जाहिराती, अकोटची ७.१०ची गाडी.

गाडी ७.३४ला लागली. पहिलाच दिवस आणि सिद्धांत सिद्ध.

संध्याकाळी ७.२०, जठारपेठ, घर. अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या चौदा गाड्या आल्या. प्रत्येक गाडीत तीन ठिकाणी हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा. लांबी पाहायची, मग रंग. ग्रेडची चिठ्ठी लिहायची. शेतकऱ्याला भाव त्या चिठ्ठीवर मिळतो. मी दहावी पास. हे काम मला कोणी शिकवलं नाही, धागा ओढता ओढता आलं. तत्त्वज्ञानही तसंच आलं, रद्दीच्या दुकानातून.

यंदा कापूस पिवळसर आहे. चौदापैकी नऊ गाड्या. कंबर दुखते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

विपुलशेठनं केबिनमध्ये बोलावलं. मोठे शेठ आजारी, अकोल्याला घरीच असतात, त्यामुळे कारभार आता पोराकडे. म्हणाला, काका, रंग मोजायची मशीन येतेय. १२ डिसेंबरला दहा नमुने ठेवू. मशीन काय सांगते, तुम्ही काय सांगता, पाहू. जुळलं तर यार्ड तुमचंच. नाही जुळलं तर गेटवर बसा आरामात.

गेटवर! म्हणजे खुर्ची टाकून ट्रॅक्टरचे नंबर लिहायचे. ज्या माणसाच्या बोटांवर सव्वीस वर्षं या जिनिंगची रुई गेली, त्यानं.

मी शांतपणे विचारलं, या मशीनला बरोबर कोणी ठरवलं? म्हणाला, कंपनीनं. कंपनीला कोणी ठरवलं? म्हणाला, सरकारी लॅबनं. लॅबला? तो फोन घेऊन बाहेर गेला. वादात फोन घेणं ही हार असते. नोंद करून ठेवतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

विहारात वंदनेनंतर अभ्यासवर्ग. माझं व्याख्यान: ‘निश्चिती: एक चिकित्सा’. हजर अकरा, जागे नऊ. झोपलेल्या दोघांत अध्यक्ष.

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचा घातला. सांगितलं, बघा, वाकडा दिसतो. डोळे खोटं बोलतात आणि आपण त्यांच्या जिवावर जगभर मतं देत फिरतो. माणूस प्रश्न विचारून दमतो, जिथं बसतो त्या जागेला तो श्रद्धा म्हणतो. हट्टी माणूस फक्त देवळात नसतो. तो शाळेत असतो, पक्षात असतो, दवाखान्यातही असतो. ज्याला स्वतःच्या मतावर एकदाही शंका आली नाही, त्याच्यापासून चार हात दूर राहा.

टाळ्या. अध्यक्ष टाळ्यांनी उठले आणि त्यांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर बायकोला, पंचफुलाला, विचारलं, पांढरा सदरा असा पिवळा का धुतेस? व्याख्यानाला हाच घालून गेलो. ती म्हणाली, सदरा पांढराच हाय, तुमचे डोये दाखवा कोनाले तरी. म्हटलं, नळाला क्षार जास्त आहेत. ती म्हणाली, मंग माह्या लुगड्याले काहून नाई लागले? लुगडं पाहिलं. त्यालाही लागलेत. बोललो नाही. जेवण व्हायचं होतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

नत्थुजी आले. अकोटच्या अलीकडचे, कापूस नेहमी निवडक, वीस वर्षांचा परिचय. पहिल्या वेचणीची गाडी. धागा उत्तम, रंग पिवळसर. दुय्यम लिहिलं.

नत्थुजी गाडीवरून खाली उतरून ओरडायला लागले. म्हणाले, पंजाबभौ, हा कापूस पिवया? हा पिवया, तं माहं धोतर काय हिरवं हाय? पन्नास माणसं हसली. धोतराकडे पाहिलं. तेही पिवळसरच होतं. पण दोन मुद्दे एकाच वेळी काढू नयेत.

चिठ्ठी बदलली नाही. ओळख हा पुरावा नाही. नत्थुजी जाताना म्हणाले, तुमचा माह्यावर काय राग हाय ते तरी सांगा. तेवढं मात्र डोक्यात राहिलं. दिवसभर.

कारण शोधलं आहे: खारपाणपट्टा. जमिनीतलं मीठ मुळातून बोंडात चढतं. सव्वीस वर्षं कसं चढलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर विचार चालू.

शनिवार, ७ डिसेंबर

चष्म्याच्या दुकानात गेलो. नंबर एका वर्षात तिसऱ्यांदा बदलला. समोरून येणाऱ्या मोटरसायकलच्या दिव्याभोवती हल्ली गोल कडं दिसतं. नवे एलईडी दिवेच तसे वाईट.

दुकानदार यंत्रात डोकावून म्हणाला, आता नंबरानं काही होत नाही काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय. लेन्स पिवळी पडली. ऑपरेशन करून घ्या.

विचारलं, आधार काय? त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं. परत यंत्र! सांगितलं, ज्याचं दुकान डोळ्यांवर चालतं त्याचं डोळ्यांबद्दलचं मत ग्राह्य धरता येत नाही. तो म्हणाला, मी तर चष्मे विकतो, ऑपरेशन झालं तर माझंच गिऱ्हाईक जाते. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. म्हणून लगेच निघालो.

दुकानाची पायरी चुकली. नंतर टेपनं मोजली: सात इंच. बाकीच्या सहा. बांधकामातला दोष.

गुरुवार, १२ डिसेंबर. सकाळी ६.१५

आज परीक्षा. परीक्षा त्यांची आहे, माझी नाही. झोप लागली नाही, ते चहामुळे.

संध्याकाळी ८.१०. दहा थाळ्यांत दहा नमुने. मी आठ पिवळसर सांगितले, दोन पांढरे. मशीननं नऊ पांढरे सांगितले, एक पिवळसर. तो एक मी पांढऱ्यात धरला होता.

मी म्हटलं, मशीनवरचा विश्वास ही नव्या जमान्याची अंधश्रद्धा आहे. काटा बरोबर आहे हे पाहायला दुसरा काटा लागतो, दुसऱ्याला तिसरा. कुठं थांबणार? वजनकाट्यावरचा संघपाल मध्येच बोलला, भाऊ, आमी सारेजण थकलो का थांबतो. अन् तुमाले कोनं सर्टिफाय केलं? म्हटलं, सव्वीस हंगामांनी. तो म्हणाला, बाराव्या हंगामापासून तं मीच पाहून राह्यलो. संघपाल चांगला आहे, विहारातलाच, पण वादाची शिस्त नाही.

विपुलशेठ बराच वेळ थाळ्यांकडे पाहत होता. मग बाहेर जाऊन मोठ्या शेठना फोन केला. दहा मिनिटं. परत आला तो खाली पाहूनच म्हणाला, काका, तुम्ही यार्डातच राहा. धागा ओढा, चिठ्ठी लिहा, जसं चालू आहे तसं.

जिंकलो.

मशीन आतल्या खोलीत ठेवली, खिडकीजवळ. संघपाल म्हणाला, रेकॉर्डपुरती. पावती आता तिथंच बनणार, मी चिठ्ठी त्याच्याकडे द्यायची. गर्दी कमी होईल म्हणे. चांगली सुधारणा आहे. पंचफुलाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, जेवून घ्या. जिंकलेल्या माणसाशी बोलायची ही पद्धत नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

एक आठवडा झाला, एकाही शेतकऱ्यानं वाद घातला नाही. आधी रोज चार-पाच भांडणं. आता पिवळसर म्हटलं की म्हणतात, असंल भाऊ. आणि खिडकीकडे जातात.

नत्थुजी दुसरी गाडी घेऊन आले. पुन्हा दुय्यम सांगितलं. हसले! म्हणाले, तुमी म्हनता तं असंल. वरून टपरीवरून चहा आणवला, स्वतः बशीत ओतून दिला. सत्य समोर ठाम उभं राहिलं की माणसं हळूहळू त्याच्या बाजूनं येतात. व्याख्यानात घालायला हवं.

पण दिवस लांब वाटतो. भांडणं नसली की चार वाजता घड्याळ पाहावंसं वाटतं. असं आधी कधी होत नव्हतं.

शनिवार, २८ डिसेंबर

खिडकीत डोकावलो. माझ्या चिठ्ठ्यांची थप्पी संघपालच्या हाताशी, त्यावर चहाचा ग्लास. सतत लागतात म्हणून जवळ ठेवल्या असाव्यात. वरच्या चिठ्ठीवर ग्लासाचं गोल. म्हटलं, जपून. तो म्हणाला, हो भाऊ, एकबी फेकत नाई.

आज तीस गाड्या. एकोणतीस पिवळसर. तिसावी मी दमल्यामुळे पांढरी म्हटली.

रविवार, ५ जानेवारी. दुपारी १

लेक प्रियदर्शनी आली अमरावतीहून. तिथं शाळेत शिकवते. आल्या आल्या आईशी स्वयंपाकघरात कुजबुज. दोघी हळू बोलतात म्हणजे विषय मी.

मग माझ्यासमोर दोन रुमाल धरले. म्हणाली, बाबा, यातला पांढरा कोणता? पाहिलं. नीट पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. म्हटलं, एकही नाही, दोन्ही सायीच्या रंगाचे. ती रुमालांच्या घड्या घालत बसली. एकाच रुमालाची घडी तीन वेळा घातली.

पुरावा म्हणून दोन रुमाल अपुरे आहेत.

दुपारी ४. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही म्हणता कशावरच विश्वास नको. मग तुमच्या डोळ्यांवर कसा काय?

म्हटलं, ते वेगळं आहे. ती म्हणाली, वेगळं कसं, ते सांगा, मी ऐकते. समोरच बसली, वर्गात पोरांच्या उत्तराची वाट बघत बसावं तशी. चाळीस मिनिटं. शेवटी तिची गाडी होती म्हणून उठली.

उत्तर उद्या लिहीन.

सोमवार, ६ जानेवारी

गाडीला गर्दी. लिहिणं झालं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

वेगळं आहे, कारण

शनिवार, ११ जानेवारी

मुद्दा असा: प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायची तर शंका घेणारा तरी कुठंतरी उभा पाहिजे. मी माझ्या डोळ्यांवर उभा आहे. वाचून पाहिलं. बरं वाटलं. जेवण झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा तितकं नाही. खोडलेलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. रात्री ९.३०, अमरावती

परिस्थिती समजावून सांगणं आवश्यक आहे.

अकोटहून परतीला पाचची गाडी पकडली. पाटीवर अकोला वाचलं. पास वर केला, कंडक्टर गर्दीत होता, लांबूनच मान हलवली. डोळा लागला. जाग आली तेव्हा अंजनगाव. कंडक्टर म्हणाला, काका, गाडी अमरावतीची हाय, पाटी नाई पाह्यली का? म्हटलं, पाहिली होती. तो म्हणाला, मंग? शेजारची बाई म्हणाली, जाऊ द्या, म्हातारं मानूस हाय. मी चोपन्न वर्षांचा आहे.

उलट जायला गाडी नव्हती म्हणून पुढेच आलो. प्रियदर्शनीच्या खोलीवर आहे. तिनं वरण-भात वाढला आणि आईला फोन करून सांगितलं, बाबा इथं आलेत, भेटायला. ‘भेटायला’ हा शब्द तिनं स्वतःहून घातला.

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी ती दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण, बोलणं मुद्देसूद. मोतीबिंदू दोन्ही, पिकलेला. म्हणाल्या, पांढरा रंग तुम्हाला वर्षभर तरी पिवळा दिसत असेल.

मी अट घातली. फक्त उजवा डोळा करायचा. डावा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. प्रयोग शास्त्रशुद्ध हवा. डॉक्टर बाई म्हणाल्या, आम्ही एका वेळी एकच करतो काका. म्हणजे माझी अट मान्य झाली.

विपुलशेठला फोन केला. म्हणाला, सावकाश या काका, घाई नाही, अजिबात घाई नाही. हंगामाच्या मध्यात ग्रेडर नाही आणि घाई नाही?

रविवार, १९ जानेवारी

काल ऑपरेशन. वीस मिनिटं. आज पट्टी काढली.

भिंत निळी वाटली. नर्स म्हणाली, पांढरी आहे. आकाश पाहिलं. इतकं निळं कधी होतं आठवत नाही.

पंचफुला बडनेऱ्याला रेल्वेनं उतरून आली. दारात उभी होती. तिचे केस पांढरे आहेत. सगळेच. विचारलं, कधीपासून? म्हणाली, पिऱ्या बारावीले होती तवापासून. प्रियदर्शनी नोकरीला लागूनही चार वर्षं झाली.

उजवा डोळा मिटला, डाव्यानं पाहिलं: केस पिवळसर, चादर पिवळसर, नर्सचे कपडे पिवळसर. डावा मिटून उजव्यानं: सगळं पांढरं. परत. परत. नर्स म्हणाली, काका, डोळ्याला त्रास देऊ नका. पंचफुला म्हणाली, पाहू द्या त्याईले.

दोन डोळे, दोन साक्षीदार. कोणता खोटा, हे ठरवायला तिसरा लागत नाही. मला वाटलं होतं लागेल.

सोमवार, २० जानेवारी

नत्थुजींचा कापूस पांढरा होता.

हिशेब केला. रोज वीस-पंचवीस गाड्या, आठ आठवडे. एवढ्या लोकांचा माल मी दुय्यमात घातला. राग काय ते सांगा, असं ते म्हणाले होते. ते खरंच विचारत होते.

गुरुवार, २३ जानेवारी

संकल्प: धुळीत जायची परवानगी मिळाली की जिनिंगमध्ये सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. गेट तर गेट. लेखी निवेदन तयार करतोय. शीर्षक: ‘एका निश्चितीचा अंत’. पहिला खर्डा नऊ पानं. प्रियदर्शनी म्हणाली, बाबा, ‘माफ करा’ एवढं पुरेल. दोन पानांवर आणला. त्याहून कमी होत नाही, त्यात माझं विचारसूत्र आहे.

पंचफुला डोळ्यात थेंब घालते, दिवसातून चार वेळा. मान वर, डोळा उघडा, गप बसा. सव्वीस वर्षांत एवढा वेळ गप बसलो नव्हतो.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी १.३०, जिनिंग

निवेदन खिशात घेऊन आलो. विपुलशेठ बाहेरगावी. म्हणून आधी संघपालला सांगितलं, खिडकीशी उभं राहून. वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात त्यानं हात वर केला. म्हणाला, भाऊ, बसा. चहा घ्या.

मग सांगितलं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १३ डिसेंबरपासून, माझी एकही चिठ्ठी धरलेली नाही. भाव मशीनवर, खिडकीतून. त्याआधीच्या गाड्यांचा फरक मोठ्या शेठनं प्रत्येकाला घरपोच दिला. गेटवरच प्रत्येक शेतकऱ्याला सांगितलं जायचं: भाऊ काय म्हनतात ते ऐकून घ्या, भांडू नका, भाव आत भेटल.

विचारलं, मला का नाही सांगितलं? संघपाल म्हणाला, तुमाले सांगून आजवर कोनाचं भलं झालं? मग म्हणाला, मोठे शेठ फोनवर बोलले होते, सव्वीस वर्सं त्याच्या बोटावर धंदा केला, आता एक हंगाम त्याच्या तोंडावर हो म्हना.

सगळ्यांना माहीत होतं. गेटला, हमालांना, टपरीवाल्याला. पूर्ण यार्डात माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो संशयवादी होता.

म्हणजे नुकसान कोणाचं झालं नाही. माफी कोणाची मागायची, तेही राहिलं नाही. दोन पानं परत खिशात.

संध्याकाळी ४.४५

नत्थुजी शेवटच्या वेचणीची गाडी घेऊन आले. मला पाहून जवळ आले, डोळ्याचं विचारलं. मी म्हटलं, नत्थुजी, तुमचा कापूस पांढरा होता. म्हणाले, आता जाऊ द्या ना भौ, मले तं माईतच होतं.

मग नेहमीसारखी मूठ पुढे केली. म्हणाले, पाहा बरं कसा हाय.

अंगठ्यांत धरला, ओढला. लांबी बरी. उजव्या डोळ्यानं पाहिला: शेवटची वेचणी, थोडा पिवळसर. खरोखरचा पिवळसर. पण आता तोंडातून निघेना.

म्हटलं, खिडकीवर विचारा.

म्हणाले, तिथं इचारूनच आलो.